कळतं, पण वळत नाही

प्रश्न असा आहे: "समोरचा माणूस जरा तुटक बोलला की माझंच काहीतरी चुकलं असणार, अशी माझी खात्रीच पटते. कोणाला नाही म्हणता येत नाही. साधा निरोप पाठवायचा तरी सहा वेळा वाचून बघतो. 'लोक नाराज झाले तर आपण संपलो' या एका समजुतीतून हे सगळं येतं, हे मला कळलंय. ती समजूत खुळी आहे हेही कळलंय. विचार बदला, आयुष्य बदलेल, असं सगळे सांगतात. विचार तर बदलला. मग आयुष्य का बदलत नाही?"

मी गेली २३ वर्षं समुपदेशन करते. हा प्रश्न शब्द बदलून दर आठवड्याला समोर येतो, आणि विचारणारा बहुधा चांगलं वाचन असलेला, स्वतःकडे बारकाईने बघणारा माणूस असतो. म्हणून आधी जरा टोचेल असं सांगते. तुमचा विचार अजून बदललेला नाही. बदललं आहे ते तुमचं मत. समजूत होती तिथेच ठाण मांडून आहे.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण माझं निम्मं काम या फरकावर चालतं. मत विचारलं की सांगता येतं. समजूत विचारून कळत नाही, ती वागण्यात बघावी लागते. झुलत्या पुलावरून चाललेल्या माणसाला विचारा, पूल पक्का आहे का? तो म्हणेल, हो, रोज शेकडो माणसं जातात. हात मात्र दोराला घट्ट धरलेला असतो. पुलाबद्दलचं त्याचं मत तोंडात आहे आणि समजूत त्या हातात. तो किती जपून पाऊल टाकतो, खाली बघतो की समोर, बरोबरच्या माणसाशी दोन शब्द बोलतो की नाही, हे सगळं तो हात ठरवत असतो.

माणूस 'अशी समजूत करून घेतो', असं आपण म्हणतो. हे 'करून घेणं' मला फार नेमकं वाटतं. समजूत आयती कोणी देत नाही. हाताशी असलेल्या सामानातून आपणच ती बांधतो, बऱ्याचदा अगदी लहान वयात, आणि बांधतो तेव्हा ती कामाची असते. घरातलं मोठं माणूस केव्हा भडकेल याचा नेम नसेल, तर दार उघडल्याच्या आवाजावरून मूड ओळखणारं मूल शहाणंच म्हणायला हवं. अडचण अशी की ते मूल ४० वर्षांचं होतं, घर बदलतं, माणसं बदलतात आणि कान तसेच टवकारलेले राहतात. तेव्हा तुमच्या समजुतीला खुळी म्हणू नका. ती एका जुन्या पत्त्यावर बरोबर होती.

आता तुमचा तो निरोप घेऊ. 'उद्या मला यायला जमणार नाही' एवढंच कळवायचं आहे. आधी तुम्ही तेवढंच लिहिता. मग ते कोरडं वाटतं म्हणून पुढे 'माफ करा' येतं. नुसतं माफ करा अपुरं वाटतं म्हणून कारण येतं. कारण खरं असूनही पोकळ वाटतं, म्हणून त्याच्या मदतीला दुसरं कारण येतं. शेवटी 'अगदीच गरज असेल तर बघतो' हे वाक्य चिकटतं, आणि तिथे नकाराचा होकार झालेला असतो. पाठवून झाल्यावर तुम्ही फोन पालथा ठेवता, दोन मिनिटांनी सरळ करता. उत्तरात नुसतं 'ओके' आलं, तर ओकेच्या पुढे पूर्णविराम का दिला असेल यावर अर्धा तास जातो.

या सबंध कारभारात 'लोक नाराज झाले तर आपण संपलो' हे वाक्य एकदाही मनात उमटलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ते हसून झटकलं असतं. पण ते खरं धरल्याशिवाय यातल्या एकाही पायरीला अर्थ नाही. समजुती आयुष्य घडवतात त्या अशा. मोठ्या निर्णयांच्या वेळी आपण सावध असतो, चार जणांना विचारतो, कागदावर फायदेतोटे मांडतो. समजुतीचं राज्य असतं ते न पाठवलेल्या अर्जावर, न विचारलेल्या शंकेवर, 'असू दे' म्हणून सोडून दिलेल्या हक्कावर. एकेक गोष्ट इतकी बारीक की तिची नोंदच होत नाही. दहा वर्षांनी त्यांची बेरीज होते, आणि तिला आपण 'माझा स्वभाव' म्हणतो.

आज आम्ही ज्या पद्धतीने काम करतो तिचा पाया घालणारे आरन बेक हे मूळचे मनोविश्लेषण शिकलेले. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, ही तेव्हाची मान्य कल्पना. तिला आधार मिळावा म्हणून बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांची स्वप्नं तपासली. त्यात राग सापडेना. सापडली ती हरल्याची, नाकारलं गेल्याची, काहीतरी गमावल्याची चित्रं. बेक यांनी सिद्धांत सोडला आणि चित्रं धरली, आणि १९६० च्या दशकात त्यातून त्यांची उपचारपद्धती उभी राहिली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की समजुतींचा हा अभ्यासच एका माणसाने आपली समजूत पणाला लावली म्हणून सुरू झाला.

बेक यांच्या मांडणीत तीन थर आहेत. वर झरझर येणारे विचार: 'ती माझ्यावर चिडली असणार.' तळाशी मूळ धारणा: 'मी कोणाला नकोसा आहे.' आणि मध्ये जर-तरचे नियम: 'सगळ्यांच्या मनासारखं वागलो, तर कोणी मला टाकणार नाही.' लोकांना तळाशी जायचा भारी सोस असतो. मूळ सापडलं की झाड आपोआप पडेल, असं वाटतं. सुरुवातीला मीही तशीच होते. तीन-तीन महिने बालपण उकरत बसायचे, मूळ सापडायचं, दोघांचे डोळे भरून यायचे, आणि पुढच्या आठवड्यात तो माणूस पुन्हा कोणाचं तरी काम अंगावर घेऊन आलेला असायचा. आता मी मधल्या थरावर जास्त वेळ घालवते, कारण नियम रोज पाळला जातो आणि जे रोज पाळलं जातं ते एखाद्या दिवशी मोडून बघता येतं. तुमच्या प्रश्नातला नियम उघड आहे: कोणी नाराज होण्याआधीच नमतं घ्यायचं.

मग खुळी आहे हे कळूनही समजूत झिजत का नाही? इतक्या वर्षांत कितीतरी लोक तुमच्यावर नाराज झाले असतील, आणि तुम्ही संपलेला नाहीत. पुरावा तर समोर पडलाय.

इथे माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गर्दीत आपल्याला चक्कर येऊन आपण पडणार, ही त्यांची भीती. पडले एकदाही नव्हते. मी विचारलं, ११ वर्षांत एकदाही पडला नाहीत, तर पडणार असं का वाटतं? ते म्हणाले, पडलो नाही, कारण मी दर वेळी भिंतीला टेकून उभा राहतो. पाण्याची बाटली जवळ असते. दाराजवळची जागा धरतो. आणि पाय थोडे फाकवून ठेवतो, असे, म्हणून त्यांनी उठून दाखवलं. ११ वर्षं न पडल्याचं सगळं श्रेय भिंतीच्या, बाटलीच्या आणि दाराच्या खात्यात जमा झालं होतं. पायांच्या खात्यात शून्य.

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल सालकोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली. भीती टिकते ती माणूस विचार करण्यात चुकतो म्हणून नव्हे, तर संकट टाळण्यासाठी तो जी काळजी घेतो त्या काळजीमुळे. आमच्या भाषेत याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. संकट आलं नाही की काळजी फळाला आली असं वाटतं आणि पुढच्या वेळी ती आणखी नेटाने घेतली जाते. संकट मुळात येणारच नव्हतं, ही शक्यता तपासायला जागाच उरत नाही. तुमच्याकडे भिंत नाही. तुमच्याकडे सहा वेळा वाचणं आहे, जोडीला दुसरं कारण आहे, 'बघतो' आहे. लोक तुमच्याशी चांगले वागतात त्याचं श्रेय कोणाच्या खात्यात जमा होत असेल, बघा.

समजुतीला अनुकूल तेच तपासण्याची खोड आपल्या सगळ्यांना आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० मधला प्रयोग मी अनेकदा समोरच्या माणसावर करून बघते. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात. नियम ओळखा. तुम्ही तीन-तीन आकडे सांगायचे, मी ते बसतात की नाही एवढंच सांगणार. माणूस म्हणतो ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४? बसतात. मग तो ठामपणे सांगतो, नियम दोन-दोनने वाढणाऱ्या आकड्यांचा. चूक. नियम फक्त 'चढत्या क्रमाने' एवढाच असतो. १, ७, ५० सुद्धा चाललं असतं. पण ते कोणी विचारत नाही, कारण तिथे 'नाही' ऐकायला मिळेल असं वाटतं. एक गणिताचे शिक्षक माझ्यासमोर चार मिनिटं सम आकड्यांतच फिरत राहिले आणि नंतर इतके हसले, की त्या दिवशीचा आमचा पुढचा सगळा वेळ हलका गेला.

समजुतीला दुसरा आधार मिळतो तो माणसांकडून, आणि तो जास्त चिवट असतो. एका बाईंचा नियम होता, आपलं ओझं कोणावर पडता कामा नये. त्यामुळे त्या कधी काही मागत नसत. आजारी असल्या तरी 'मी ठीक आहे'. आसपासच्या माणसांनी हळूहळू धडा घेतला, की यांना काही लागत नाही, उलट विचारलेलं आवडत नाही. विचारणं बंद झालं. त्या मला म्हणाल्या, बघा, माझं कोणाला काही पडलेलं नाही, मी गृहीतच धरलं होतं. गृहीत धरलं होतं हे खरं, आणि मग ते खरं होईल अशी व्यवस्थाही त्यांनीच लावली होती. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये हे एका काल्पनिक बँकेच्या गोष्टीतून दाखवलं. बँक धडधाकट असते. ती बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखर बुडते. मग प्रत्येक जण म्हणतो, मला आधीच माहीत होतं.

आता त्या 'विचार बदला, आयुष्य बदलेल' या वाक्याकडे येते. माझा त्यावर राग आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका गावात १९७५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. त्यातल्या ६६० जणांचं पुढे काय झालं याचा अभ्यास बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारे लोक बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, शिक्षण, पैसा, एकटेपणा, तब्येत यांचा हिशेब वजा करूनही फरक उरला. हे ऐकून लोक लगेच म्हणतात, म्हणजे आनंदी विचार केले की झालं. पण विचार करून बघा. 'आता या वयात काय उरलंय' असं मानणारा माणूस गुडघा दुखला की चालणं सोडतो, डॉक्टरांकडे उशिरा जातो, नवी ओळख करून घेत नाही. 'अजून बरंच आहे' असं मानणारा चालत राहतो. सगळा फरक यानेच पडला असेल असा माझा दावा नाही. पण समजूत पायांत उतरली नसती तर ती नुसती डोक्यात बसून आयुष्य कशी वाढवणार?

'बुद्धी वाढवता येते' हा विश्वास मुलांना दिला की ती झेप घेतात, असंही खूप बोललं जातं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांवर याचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाचा धडा, तोही संगणकावर. मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीगुणांत, म्हणजे तिथे साधारण चारपैकी मोजल्या जाणाऱ्या गुणांत, सरासरी ०.१ एवढी वाढ झाली. मी त्याला क्षुल्लक म्हणणार नाही, इतक्या कमी खर्चात ते चांगलंच आहे. पण जास्त लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: ज्या शाळांत बरोबरची मुलंही अवघड गणिताला हात घालत होती, तिथे परिणाम जास्त दिसला. विश्वास मनात पेरला आणि भोवती कोणी तसं वागतच नसेल तर तो तग धरत नाही.

औषध नसलेल्या गोळीचंही तसंच. तिने दुखणं कमी होतं, मळमळ कमी होते. गाठ लहान होत नाही. ही सीमा जे विसरतात ते आजारी माणसाला वर हेही ऐकवतात, की तुझी इच्छाशक्ती कमी पडली. अशी वाक्यं ऐकून आलेली माणसं मी पाहिली आहेत. दुखणं होतंच, त्यावर अपराधीपणाची भर.

आणि कधी कधी समजूत चुकीची नसतेच. हे मी फार महागात शिकले, म्हणजे महागात दुसरीला पडलं. नोकरी करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. ऑफिसात मला बाजूला काढण्याचं चाललंय, असं त्यांचं म्हणणं. मी ते 'धारणा' या खान्यात टाकलं आणि सहा भेटी आम्ही पुरावे तोलण्यात घालवल्या. साहेबांनी मीटिंगला बोलावलं नाही, त्याची दुसरी काय कारणं असू शकतील? त्या बिचाऱ्या मन लावून कारणं लिहून आणायच्या. सातव्या भेटीला येण्याआधी त्यांच्या हातात पत्र पडलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवू नको असं तुम्ही मला सहा आठवडे शिकवत होतात." त्या सहा आठवड्यांत त्यांनी दुसरी नोकरी शोधायला हवी होती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो: हे खरंच असेल तर? घरात मारहाण होत असेल, खरोखर पैसा नसेल, वरचा माणूस खरोखर सूड धरणारा असेल, तर तिथे समजुतीवर काम करण्याआधी परिस्थितीवर करावं लागतं. तुम्हीही पुढचं वाचण्याआधी हे तपासा. तुमच्या आयुष्यात असं कोणी आहे का, ज्याची नाराजी तुम्हाला खरंच महागात पडेल? असेल तर त्याच्यापासून सुरुवात करायची नाही.

बाकीच्यांपासून करायची. आणि इथे आरशासमोर उभं राहून 'मी लाडका आहे, मी समर्थ आहे' म्हणण्याच्या भानगडीत पडू नका. २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. स्वतःबद्दल आधीच बरं मत असलेल्यांना अशा वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. आत कोणीतरी लगेच विचारतं, हो का? आणि मग पुराव्यांची यादी वाचून दाखवतं.

समजुतीशी वाद घालून उपयोग होत नाही. तिला परीक्षेला बसवावं लागतं. आल्बर्ट एलिस हे आमच्या क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव. ते सांगत, की १९ व्या वर्षी आपण मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत होतो. मग त्यांनी ठरवलं, महिनाभर रोज न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचं. सुमारे १०० जणींशी ते बोलले. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. प्रेमाच्या दृष्टीने मोहीम सपशेल फसली. पण कोणी किंचाळलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आणि नकार मिळाल्यावर माणूस मरत नाही हे एलिस यांना १०० वेळा कळलं. त्यांची समजूत यशाने मोडली नाही, अपयश सोसता येतं या अनुभवाने मोडली. तुमच्या बाबतीतही तेच लागेल.

आमच्या गर्दीवाल्या गृहस्थांनी काय केलं ते सांगते, म्हणजे कृती डोळ्यासमोर येईल. आधी त्यांनी एका कार्डावर भाकीत लिहिलं: 'भिंतीपासून चार पावलं दूर, बाटलीशिवाय उभा राहिलो तर पाच मिनिटांत पडेन.' किती खात्री? ८० टक्के. मग आम्ही दोघं गर्दीच्या ठिकाणी गेलो. पहिल्या मिनिटाला त्यांचे पाय आपोआप फाकले. मी नुसतं पायांकडे पाहिलं, त्यांनी ते जवळ घेतले. दुसऱ्या मिनिटाला घाम. तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, आता पडणार. मी म्हटलं, पडा, मी आहे. ते वाट बघत राहिले. सहाव्या मिनिटाला त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही. ते चक्क गोंधळले होते, वचन देऊन समोरचा आलाच नाही तर माणूस गोंधळतो तसे. कार्डाच्या मागे त्यांनी लिहिलं: 'पडलो नाही. भिंत नव्हती.' दुसरं वाक्य महत्त्वाचं. श्रेय पहिल्यांदाच पायांच्या खात्यात गेलं.

भाकीत आधी लिहून ठेवा, हा माझा हट्ट असतो. नंतर आठवलेल्या भाकितावर विसंबता येत नाही. काही वाईट घडलं नाही की मन म्हणतं, मला तसं फार वाटलंच नव्हतं. लिहिलेल्या ८० टक्क्यांशी असा खोटेपणा करता येत नाही.

विचार आधी की कृती आधी, यावर आमच्यातही बरीच वादावादी झाली. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी नैराश्याच्या सुमारे १५० रुग्णांचे गट केले. एका गटाला विचार, धारणा, वर्तन अशी पूर्ण उपचारपद्धती दिली. दुसऱ्याला विचारांवरचं काम दिलं, मूळ धारणांना हात न लावता. तिसऱ्याला फक्त कृतीचा भाग: दिवसाची आखणी आणि टाळलेल्या कामांकडे हळूहळू परत जाणं. तिन्ही गट सारखेच सुधारले. बेक यांच्या पठडीत शिकलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. पण माझ्या खोलीत मी तेच पाहत होते. बोलून पटतं. पटलेलं अंगी लागतं ते करून पाहिल्यावर.

प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांचीही कथा अशीच फिरली. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवलं होतं, की सुटका नसलेले विजेचे झटके सोसलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट असूनही पडून राहतात. ते असहायता 'शिकले' असा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरचं नंतरचं संशोधन पाहून दोघांनी स्वतःच तो अर्थ उलटवला. दीर्घ संकटात निपचित पडणं हा जन्मजात प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. आणि ते शिकण्याचा मार्ग म्हणजे हातांनी काहीतरी घडवून बघणं.

तुम्हाला पहिल्या दिवशी थेट नकार द्यायला सांगत नाही. पहिला आठवडा फक्त निरोपांचा. रोज एक निरोप एकदाच वाचून पाठवायचा. दुसऱ्या आठवड्यात एका निरोपातलं कारण काढून टाकायचं. तिसऱ्यात 'बघतो' काढायचं. दर वेळी आधी भाकीत: कोण नाराज होईल, ते मला कशावरून कळेल, त्यानंतर काय होईल. 'काहीतरी वाईट होईल' हे भाकीत चालणार नाही, ते कधी खोटं ठरवताच येत नाही. 'दोन दिवस तो माझ्याशी बोलणार नाही' हे चालेल. आणि मध्येच एखादी मुद्दाम केलेली बारीक चूक. शुद्धलेखनाची चालेल. किती जणांच्या लक्षात येते ते बघा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल अशा चित्राचा टीशर्ट घालून खोलीभर लोकांसमोर पाठवलं होतं. निम्म्या लोकांनी तरी चित्र पाहिलं असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं.

दोन गोष्टींची कल्पना आधीच देते, कारण याच ठिकाणी लोक सोडून जातात.

समजूत हलू लागली की आधी आनंद होत नाही. बऱ्याच जणांना रडू येतं. 'म्हणजे इतकी वर्षं उगाच?' न मागितलेली बढती, न सोडलेलं घर, कोणाच्या तरी मनासारखं घेतलेलं शिक्षण, सगळं एकदम समोर उभं राहतं. हे दुःख टाळण्यासाठीसुद्धा माणूस समजूत धरून ठेवतो. ती खरी असेल तर निदान जे गमावलं ते गमावणं भाग होतं, असं म्हणता येतं. त्या बाईंनी, ओझं होऊ नये म्हणणाऱ्या, पहिल्यांदा बहिणीला सांगितलं, दोन दिवस माझ्याजवळ राहा. बहीण त्याच संध्याकाळी आली. त्या माझ्याकडे येऊन तासभर रडल्या. ती न येती तर सोपं गेलं असतं, म्हणाल्या.

दुसरं, तुमच्या समजुतीवर इतरांचीही घडी बसलेली असते. जो कधी नाही म्हणत नाही त्याच्या भोवती तसेच लोक जमतात. तुम्ही नाही म्हणू लागलात की काही जण खरंच नाराज होतील, 'हल्ली बदललास तू' म्हणतील. तेव्हा जुनी समजूत लगेच डोकं वर काढेल: बघ, सांगत होते. यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत नव्या घडीला सरावतात. एखादा सरावत नाही, तो दूर जातो. तसं होणार नाही असं खोटं आश्वासन मी कोणाला देत नाही.

जुनी समजूत पुसली जाईल अशी अपेक्षाही ठेवू नका. भीतीच्या उपचारांवर दीर्घकाळ काम केलेल्या मिशेल क्रास्के यांचं सांगणं आहे की जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी नवं शिकलेलं उभं राहतं, आणि प्रसंगी कोणतं आधी धावून येतं एवढाच प्रश्न असतो. म्हणून वेगवेगळ्या माणसांसोबत, वेगवेगळ्या ठिकाणी करून बघायचं, म्हणजे नव्याला धावायची सवय होते. झोप झाली नसेल, अंगात ताप असेल, कोणी जवळचं गेलं असेल, तेव्हा जुनंच पुढे येणार. माझंही येतं. हे उत्तर मी चार वेळा वाचलं आहे.

या सगळ्यासोबत जगणं नकोसं वाटत असेल, किंवा तपासण्या-वाचण्यात दिवसाचे तास जात असतील, तर हे एकट्याने करू नका, समोरासमोर कोणाची तरी मदत घ्या.

आता एक शेवटची शंका, जी तुम्ही विचारलेली नाही पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येईल. भाकीत खरं ठरलं तर? तुम्ही कारण न देता नाही म्हणालात आणि तो माणूस खरोखर दोन दिवस बोलला नाही, तर? कार्डाच्या मागे तेच लिहा: 'बोलला नाही. दोन दिवस.' मग खाली आणखी एक ओळ लिहा: त्या दोन दिवसांत तुम्ही काय काय केलंत. कामावर गेलात का, झोप लागली का, कोणाशी हसलात का. जे घडलं तेच लिहा. भाकिताचा पहिला अर्धा भाग 'तो नाराज होईल' हा होता. दुसरा अर्धा, 'आपण संपलो', त्याची तपासणी या ओळीत होते, आणि ती करण्यासाठी कोणीतरी खरोखर नाराज व्हावंच लागतं.